मुंबईतील दुहेरी अधिकाराचा तंटा व त्यापासून बोध

ज्युबिलीच्या मंगलसमयी पूर्वजांचे गुण गावे हे उचितच. परंतु त्यांच्या चुकांचे स्मरण करणेही तितकेच हितावह होय. बंधुबंधूंत गैरसमज कसा वाढतो व कशाने मिटतो, याचा धडा आपल्याच प्रांतातील ख्रिस्तसभेच्या इतिहासात आहे.

पश्चिम किनाऱ्यावरील देवळांची व्यवस्था पूर्वी रोमच्या संमतीने पोर्तुगालच्या राजाकडे असे. तिला पाद्रुआदो म्हणत. पुढे १६२२ साली धर्मप्रसारार्थ रोम येथे प्रोपागंडा नामक मंडळ स्थापन झाले. १७२० साली मुंबईच्या इंग्रज सरकारने, पोर्तुगीज पाद्री परराज्याचे पक्षपाती आहेत अशा संशयाने, फ्रान्सिस्कन पाद्र्यांस घालवून प्रोपागंडाच्या कार्मेलाइट पाद्र्यांस आणिले. तेव्हापासून दोन पक्ष पडले. १७९४ साली बेटावरील चार देवळे उभय पक्षांत दोन-दोन वाटली गेली. विश्वास एक, संस्कार एक; तरी शेजारी शेजाऱ्यास परका झाला.

१८३८ साली परमगुरू सोळावे ग्रेगरी यांनी पाद्रुआदोचा अधिकार पुष्कळ ठिकाणी काढून घेतला. राजाची संमती नसल्यामुळे हा हुकूम आम्हांस बंधनकारक नाही, असे गोव्याच्या पक्षाने म्हटले. एकास दुसरा आज्ञाभंजक दिसे, दुसऱ्यास पहिला उपटसुंभ. १८५३ साली वरच्या माहीमच्या देवळावरून कलह इतका पेटला की बिशप हार्टमन आतच अडकून पडले व सरकारी अंमलदारांस मध्ये पडावे लागले.

कुलुपांनी व फिर्यादींनी जे साधले नाही, ते बोलणे लावल्याने साधू लागले. १८८६ साली परमगुरू तेरावे लिओ व पोर्तुगाल यांच्यात करार झाला. त्याच वर्षी पुणे धर्मप्रांत स्थापन झाला. मुंबईत मात्र दुहेरी अधिकार उरला. तो १९२८ च्या कराराने संपला. आर्चबिशप आळीपाळीने पोर्तुगीज व ब्रिटिश असावा, असे त्या वेळी ठरले. पुढे आर्चबिशप रॉबर्ट्स यांस वाटले की या गादीवर आता एतद्देशीय पुरुष बसावा. त्यांनी १९४६ साली साहाय्यक बिशप झालेले व्हॅलेरियन ग्रेशस यांच्या हाती कारभार सोपवून स्वतः दूर राहणे पत्करले. १९५० साली पोर्तुगालने आपला हक्क सोडला, रॉबर्ट्स यांनी राजीनामा दिला व ग्रेशस आर्चबिशप झाले.

पुणे धर्मप्रांतातून १९८७ साली नाशिक धर्मप्रांत निघाला. आपला अक्कलकुवा तालुका त्यातच मोडतो. येथे भिली, पावरी, मराठी, गुजराथी अशा अनेक बोली कानी पडतात. एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानी वाकडा पडावयास वेळ लागत नाही. अशा वेळी तिऱ्हाइताजवळ कागाळी न करिता प्रथम त्या बंधूकडेच एकांती जावे, हीच प्रभूची शिकवण मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. मुंबईकरांस समेटापर्यंत पोहोचावयास दोनशे वर्षे लागली. आपणांस शेजाऱ्याच्या ओट्यापर्यंतच जावयाचे आहे. ती वाट ज्युबिलीच्या या वर्षी तरी चालून जाऊ या.