लघुउद्योग, ग्वाल्हेरमधील

मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर शहर व त्याच्या आसपास थोड्या भांडवलावर चालणारे उद्योग. खादी, गालिचे, दगडकाम व मिठाई हे त्यांतील जुने. यंत्रांचे सुटे भाग, प्लास्टिकच्या वस्तू व छपाई हे नंतरचे. लष्कर, मोरार व किल्ल्याखालचे जुने ग्वाल्हेर अशा तीन वस्त्यांचे मिळून हे शहर झाले आहे.

लघुउद्योगाची कायदेशीर व्याख्या वेळोवेळी बदलत आली आहे. २००६च्या कायद्यात ती यंत्रसामग्रीतील गुंतवणुकीवर बेतलेली होती. २०२०पासून तिला उलाढालीची जोड मिळाली. १ एप्रिल २०२५पासून २५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक व १०० कोटींपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘लघु’ ठरतो. ग्वाल्हेरचे बहुतेक कारखानदार त्याखालच्या ‘सूक्ष्म’ वर्गातच मोडावेत.

विकसनशील देशात भांडवल दुर्मिळ आणि मनुष्यबळ मुबलक असते, म्हणून कमी भांडवलात अधिक हातांना काम देणारा उद्योग हवा, ही या क्षेत्राच्या समर्थनाची मूळ मांडणी. पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ दत्तात्रेय गोपाळ कर्वे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५मध्ये तिला दुसऱ्या पंचवार्षिक योजनेत स्थान मिळवून दिले. पुढे १९६७मध्ये ४७ वस्तूंचे उत्पादन लघुउद्योगांसाठी राखीव झाले. ही यादी वाढत ८००च्या वर गेली आणि एप्रिल २०१५मध्ये तिच्यातील शेवटच्या वस्तूही वगळल्या गेल्या. छोटा कारखाना खरोखरच भांडवल वाचवतो का, याविषयी मात्र अर्थशास्त्रज्ञ पी. एन. धर व एच. एफ. लिडॉल यांनी १९६१मध्येच शंका घेतली होती. त्या वादाचा निकाल लागलेला नाही.

ग्वाल्हेरमध्ये उद्योगांना या मांडणीच्या आधीपासून शिंदे संस्थानिकांच्या दरबारचा आश्रय होता. माधवराव शिंदे (कारकीर्द १८८६–१९२५) यांच्या काळात संस्थानात अरुंदमापी रेल्वे, चिनीमातीचा कारखाना व छापखाना उभे राहिले. ६१० मिमी मापाच्या रुळांवरील गाडी श्योपूरपर्यंत सुमारे २०० किमी धावे. जंगलपट्ट्यातला माल तिने शहराच्या बाजारात आणला. चंदेरी त्या वेळी याच संस्थानात असल्याने तिथल्या विणकरांनाही दरबारच्या मागणीचा आधार मिळाला.

दरबारने भरवलेला मेळा १९०५मध्ये सागरतालाकाठी जनावरांच्या बाजाराच्या रूपाने सुरू झाला. दरवर्षी हिवाळ्यात भरणारा हा मेळा आता रेसकोर्स रस्त्यावर शंभरावर एकरांत पसरतो. छोट्या उत्पादकाला वर्षाची विक्री करून देणे हा त्याचा जुना उपयोग. अलीकडे त्याची चर्चा होते ती वाहनांवरील करसवलतीमुळे.

मोठे कारखाने : १९२१मध्ये घनश्यामदास बिर्ला यांनी जियाजीराव कॉटन मिल काढली आणि तिच्याभोवती बिर्लानगर वसले. आज ग्रासीम म्हणून ओळखली जाणारी कंपनीही २५ ऑगस्ट १९४७ रोजी ग्वाल्हेर रेयॉन या नावाने इथेच नोंदली गेली. १९९०च्या दशकात गिरणी बंद पडली. त्यापूर्वीच भिंड जिल्ह्यातील मालनपूर व मुरैना जिल्ह्यातील बानमोर इथे नवे औद्योगिक क्षेत्र उभे राहत होते. तिथले मोठे कारखाने आसपासच्या लहान कारखान्यांना सुट्या भागांचे काम देतात. मात्र असे काम मोठ्या कारखान्याच्या तेजी-मंदीवर अवलंबून राहते आणि बिलाची रक्कम हाती पडायला उशीर होतो. २००६च्या कायद्याने ४५ दिवसांची मर्यादा घातली तरी ही तक्रार देशभर कायम आहे.

खादी व राष्ट्रध्वज : लष्करच्या जीवाजीगंजातील मध्य भारत खादी संघ आपली सुरुवात १९२५च्या चरखा संघापासून मोजतो. ज्या राज्याचे नाव संघाने धारण केले, ते १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्य प्रदेशात विलीन झाले. नाव तेवढे टिकले. भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणपत्रानुसार तिरंगा तयार करणाऱ्या देशातील मोजक्या संस्थांत त्याची गणना होते. कर्नाटकातील हुबळीजवळची बेंगेरीची संस्था याच वर्गातली. खादीच्या ध्वजाच्या कापडासाठी सूत हाताने कातावे लागते व कापडही हातमागावरच विणावे लागते. त्यानंतर सुताची जाडी, वजन, रंगाचा पक्केपणा हे सारे तपासले जाते. लांबी-रुंदीचे प्रमाण ३:२, चक्रात २४ आरे. कापड कापणे, छपाई व शिलाई यांत मोठ्या संख्येने स्त्रिया काम करतात. मागणी ऑगस्ट व जानेवारीत एकवटते, त्यामुळे वर्षभर माल साठवून ठेवायला खेळते भांडवल लागते, आणि लहान संस्थेची खरी अडचण तीच असते. ३० डिसेंबर २०२१च्या दुरुस्तीने यंत्रावर विणलेल्या व पॉलिएस्टरच्या ध्वजालाही मुभा मिळाली. खादी संस्थांनी तिला विरोध केला. शासन हाच जिथे मोठा गिऱ्हाईक असतो, तिथे नियमातील एका ओळीने धंद्याचे गणित बदलते. ग्वाल्हेरच्या लघुउद्योगाचा इतिहास दरबारापासून इथवर मुख्यतः या गिऱ्हाइकाचाच आहे.

गालिचे : हाताने गाठी मारून विणलेल्या ग्वाल्हेरी गालिच्याला २०२३मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. विणकर ठरावीक मजुरीवर व्यापाऱ्यासाठी काम करतात.

दगडकाम : स्थानिक वालुकाश्माच्या फरश्या, जाळ्या व मूर्ती.

गजक : तीळ व गूळ कुटून केली जाणारी हिवाळी मिठाई. ग्वाल्हेर व मुरैना दोन्हीकडे होते. २०२३चे मानांकन मुरैनाच्या नावावर आहे.