रस्त्याच्या पोटात

डांबरी रस्ता म्हटलं की डोळ्यांसमोर काळा पट्टा येतो. पण ते रस्त्याचं वरचं पांघरूण झालं. कुठे रस्ता खणलेला दिसला तर त्याची कड जरा निरखून बघा. वर काही बोटं जाडीचा काळा थर, त्याखाली दाबून बसवलेली खडी, खाली मुरूम आणि तळाशी आपली साधी माती. घराचा भक्कम दगड पायात जातो, रस्त्याचा सर्वांत चिवट थर मात्र वर असतो. ट्रकच्या चाकाचा भार त्याला वीतभर जागेत सोसावा लागतो. पुढे थराथरांतून उतरताना तो भार पसरत जातो आणि मातीला पेलवेल इतका हलका होतो.

रस्त्याचं हे गणित युरोपात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पक्कं होत गेलं. थॉमस टेलफर्ड तळाशी मोठे दगड हाताने रचून घेत असे. जॉन मॅकॅडम या स्कॉटिश माणसाला ते पटेना. तो १८१६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचा सर्वेक्षक झाला. त्याचं म्हणणं असं, की भार शेवटी मातीच वाहते. तिला कोरडी ठेवा, रस्ता भोवतालच्या जमिनीहून उंच घ्या, पाण्याला उतार द्या आणि वर बारीक फोडलेली खडी पसरा. एक खडा सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून जड नको. आजही खड्ड्यात नुसतं डांबर ओतलं आणि खाली पाणी मुरतच राहिलं, तर पुढच्या पावसात खड्डा पुन्हा हजर होतो.

मॅकॅडमच्या रस्त्यात डांबर नव्हतं. चाकांच्या लोखंडी धावांखाली खडीचा भुगा होई आणि तोच फटी बुजवी. रबरी टायरच्या मोटारी आल्या, त्यांनी तो भुगा उडवून लावला. तेव्हा एडगर हूली या सर्वेक्षकाने डांबर आणि भट्टीतली मळी एकत्र करून १९०२ मध्ये पेटंट घेतलं. ते डांबर कोळशापासून निघे. आजचं रस्त्याचं डांबर खनिज तेल शुद्ध करताना तळाशी उरतं. मराठीत दोन्हींना नाव एकच.

मॅकॅडमचं नावही आपल्याकडे टिकलं. रस्त्याच्या निविदांमध्ये ‘वॉटर बाउंड मॅकॅडम’ अजून भेटतो. पण त्याची दुसरी एक गोष्ट मला अधिक जवळची वाटते. खडी बसून, लहान हातोडीने फोडावी, म्हणजे बायका, मुलं, म्हातारी माणसंही ते काम करू शकतील, असं तो सांगे.

१९७२ च्या दुष्काळात आपल्याकडे नेमकं हेच घडलं. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यांत माझी अम्मी होती. बोटांना चिंध्या बांधून ती खडी फोडायची. ढीग मापात बसला तर मजुरी, नाहीतर उद्या पुन्हा. सुकडी मिळायची, ती घरी पोरांसाठी यायची. कामाच्या हक्काला १९७७ मध्ये रोजगार हमी कायद्याचं रूप मिळालं, त्यामागे ही अशी उन्हं होती.

त्या वेळच्या कित्येक कच्च्या रस्त्यांवर पुढे डांबर पडलं. आता त्यांवरून एसटी धावते, उसाच्या ट्रॉल्या जातात. उद्घाटनाची पाटी लागते ती वरच्या थराची. खडी फोडणाऱ्यांची नावं मस्टरवर होती, अंगठ्यांच्या रूपात. ते कागद कुठे गेले कोण जाणे. खडी मात्र जागेवर आहे आणि भार वाहते आहे.