मेणवलीचा वाडा

पेशवाईतील वास्तुकलेचा विचार बहुधा पुण्यापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः पुण्यातील थोर वाड्यांपैकी फार थोडे आज पाहावयास उरले आहेत. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला, बुधवारवाडा १८७९ च्या. त्या काळच्या मातब्बर घराची रचना समजून घ्यावयाची तर शहर सोडून खेड्यात जावे लागते. वाईहून कृष्णेच्या वरच्या अंगाला तीनएक किलोमीटरांवर असलेले मेणवली हे असेच एक खेडे.

हे गाव नाना फडणवीसांस १७६८ मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी भवानराव आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांजकडून मिळाले. नानांनी तेथे वाडा, घाट आणि शिव व विष्णू यांची देवालये उभारली. त्या वेळी बारभाईंच्या कारस्थानातून वर आलेला हा कारभारी सत्तेच्या ऐन मध्यावर होता.

वाडा सहा चौकी आहे. बाहेरून दिसतात त्या उंच, जाड भिंती. घराचे खरे रूप आत गेल्यावरच उलगडते. चौक म्हणजे केवळ मोकळी जागा नव्हे. ऊन, वारा आणि पाऊस घरात घेण्याची ती युक्ती आहे, तशीच ती माणसांची प्रतवारी लावणारी व्यवस्थाही आहे. देवडीपाशी कोणी थांबावे, सदरेवर कोणी बसावे आणि माजघराच्या बाजूस कोणी येऊ नये, हे अशा वाड्यांत शब्दांवाचून ठरत असे. सागवानी खांब, तुळया, कडीपाटाची तक्तपोशी आणि भिंतींतील कोनाडे यांत दिखाऊपणा कमी आणि हिशेबीपणा अधिक आहे. काही दालनांच्या भिंतींवर पुराणकथांतील चित्रे आहेत. त्यांचे रंग पुष्कळ ठिकाणी उडाले आहेत. संयम हाच या घराचा अलंकार, असे मला वाटते.

वाड्याने जे आवरून धरले ते घाटाने मोकळे सोडले. मागील बाजूस दगडी पायऱ्या कृष्णेत उतरतात. तेथे मेणेश्वराच्या सान्निध्यात एक पंचधातूची घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाल येशूसह मरियेची आकृती आणि १७०७ हा सनाचा आकडा आहे. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा हाती आलेल्या लुटीतील ही घंटा. भीमाशंकरासही अशीच एक आहे. विजयचिन्ह देवापुढे बांधण्यात भक्ती किती आणि अभिमान किती, हे वेगळे काढणे कठीण.

घर बांधणाऱ्यास ते भोगावयास मिळाले असे मात्र नाही. पुण्याचा कारभार, युद्धे आणि तह यांतून नानांना उसंत नव्हती. १७९६ मध्ये ते वाईस आले ते विश्रांतीसाठी नव्हे, तर पुण्यातील उलथापालथीतून जीव वाचवीत. तेथूनही त्यांना महाडकडे सरकावे लागले. पुढे नगरच्या किल्ल्यात कैद झाली, सुटका झाली, आणि १८०० च्या मार्चमध्ये पुण्यात अंत झाला. त्यांचे आत्मचरित्र पानिपताच्या आगेमागे थांबते. त्यामुळे मेणवलीविषयी त्यांच्या मनात काय होते याचा त्यात एक शब्दही असणे शक्य नाही.

या वाड्यात खऱ्या अर्थाने राहिली ती त्यांची अल्पवयीन विधवा जिऊबाई. बाजीरावाने मालमत्ता जप्त केली. लोहगडाचा आसरा, मग इंग्रजांच्या हमीने पनवेलचा मुक्काम, असे तिचे दिवस गेले. पेशवाई बुडाल्यानंतर मेणवली तिला परत मिळाली आणि १८५४ पर्यंत, म्हणजे नानांमागे अर्धशतकाहून अधिक काळ, ती जगली. दत्तक घेऊन तिने घराणे चालविले. इतिहासग्रंथांत तिच्या वाट्याला चार ओळी येतात, पण घर टिकले ते त्या चार ओळींमुळे. इनामाचा सारा भरणाऱ्या कुळांना तर तेवढ्याही ओळी मिळालेल्या नाहीत.

नानांचे दप्तरही याच वाड्यात राहिले. पुढे ते दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हाती आले आणि ‘मेणवली दप्तर’ या नावाने अभ्यासकांस ठाऊक झाले. आज येणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाडा आणि घाट परिचित असतो तो २००४ च्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटामुळे. ते घंटेपाशी छायाचित्र काढतात. कागद केव्हाच येथून गेले. वाडा अजून नानांच्या वंशजांकडे आहे.