लाईट लागतो, पंखा फिरतो, पण कॉम्प्युटर उठत नाही



आपल्या समूहात लांजीचा किल्ला, जुनी लग्ने, शाळेचे मास्तर आणि गोंदियाचा बाजार यांवर बरेच लिहून झाले. आज मी एका वस्तूवर लिहितो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी ती अजून कोपऱ्यात झाकून ठेवलेली असेल. तीच ती, जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर! बटण दाबले की हिरवा दिवा लागतो, आतला पंखा घोंघावतो, आणि पुढे काही नाही. स्क्रीन काळी, नाहीतर काळ्यावर पांढरी एक इंग्रजी ओळ.

मुले पुण्याहून, नागपूरहून फोनवर सांगतात, "बाबा, भंगारात द्या ना तो." मी म्हणतो, थांबा जरा. मी कॉमर्सचा माणूस, इंजिनियर नाही. पण बँकेत पेनाने लेजर लिहिण्यापासून कोअर बँकिंगपर्यंतचा सगळा बदल काउंटरच्या आतून पाहिला आहे. ही एकच बिघाडी, "चालू होतो पण सुरू होत नाही", चाळीस वर्षे वेगवेगळ्या रूपांत येत राहिली. तिचा इतिहास कळला की घरच्या डब्याचे काय करायचे तेही कळते.

आधी हे पाहू की बटण दाबल्यावर आत होते काय. बँकेची शाखा सकाळी कशी उघडते ते आठवा. शटर वर गेले, लाईट लागले, म्हणून काही बँक सुरू झाली असे होत नाही. स्ट्राँगरूमला दोन किल्ल्या लागतात, त्या दोन वेगवेगळ्या अधिकाऱ्यांकडे. दोघे येणार, रोकड बाहेर निघणार, मोजली जाणार, मग कॅशियर खिडकीवर बसणार. एक माणूस आला नाही तर लाईट लागलेलाच राहतो आणि गिऱ्हाईक बाहेर उभे.

कॉम्प्युटरचेही तसेच असते. पहिल्यांदा वीजपुरवठ्याचा डबा, ज्याला आपण एसएमपीएस म्हणतो, तो "माझे व्होल्टेज ठीक आहे" असा इशारा देतो. मग मदरबोर्डवरच्या एका चिपमधला छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याचे नाव बायॉस. तो मेमरी, कीबोर्ड, डिस्प्ले सगळ्यांची हजेरी घेतो. या हजेरीला पॉवर ऑन सेल्फ टेस्ट म्हणतात. हजेरी पूर्ण झाली की तो डिस्ककडे वळतो आणि तिचे पहिले पान वाचतो. त्या पानावर बाकीचा कारभार कुठे आहे ते लिहिलेले असते. जुन्या पद्धतीत हे पान फक्त ५१२ बाइटचे, म्हणजे पोस्टकार्डावर मावेल एवढा मजकूर. शेवटचे दोन बाइट ठरलेलेच असावे लागतात, चेकवरच्या सहीसारखे. सही जुळली नाही तर चेक परत! नव्या मशीनवर ही पद्धत बदलली, पण पायऱ्यांचा क्रम तोच राहिला.

याला बूट होणे का म्हणतात? इंग्रजीत एक म्हण होती, आपल्याच बुटाचे पट्टे धरून स्वतःला वर उचलण्याची. प्रोग्राम चढवायला आधी एक प्रोग्राम लागतो, मग तो पहिला कोण चढवणार, या पेचावरून ते नाव पडले. अगदी जुन्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर समोरच्या खटक्यांनी पहिल्या काही सूचना हाताने भरत असे. १९८१ च्या ऑगस्टमध्ये आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला, तेव्हा हे काम चिपमधल्या बायॉसकडेच होते. सगळे ठीक असेल तर तो एकदाच छोटीशी "पीप" करायचा.

आता आपल्याकडे या. १९८३ मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. त्याआधी कॉम्प्युटर हा शब्द काढला की नोकऱ्या जातील ही भीती पुढे यायची, आणि ज्याच्या घरी पाच माणसे एका पगारावर होती त्याची भीती खोटी म्हणता येत नव्हती. रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९८४ चा, आणि त्यांच्याच दुसऱ्या समितीचा १९८९ चा. त्यानंतर शाखाशाखांत लेजर पोस्टिंग मशीन आल्या. एकेका मशीनवर ठरावीक खाती. मशीन उठली नाही म्हणजे तेवढी खाती त्या दिवशी आंधळी.

त्या काळात सगळ्यात जास्त दिसणारी बिघाडी ही मुळात बिघाडीच नव्हती. आदल्या संध्याकाळी फ्लॉपी खाचेत राहून जायची. सकाळी मशीन डिस्कच्या आधी फ्लॉपी वाचायला जायची, तिथे कारभाराचे पान नसायचे, आणि स्क्रीनवर यायचे, "नॉन सिस्टिम डिस्क ऑर डिस्क एरर". फ्लॉपी काढा, एक बटण दाबा, काम सुरू. पण याच वाटेने रोगही आला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला ब्रेन नावाचा व्हायरस फ्लॉपीच्या त्या पहिल्या पानावरच जाऊन बसायचा. पोस्टकार्डावरचा पत्ताच कोणी बदलावा तसे.

दुसरी भानगड बॅटरीची. १९८४ च्या आयबीएम एटीपासून मशीनमध्ये घड्याळ आणि सेटिंग जपणारी छोटी बॅटरी आली. आज ती रुपयाच्या नाण्यासारखी, ३ व्होल्टची, सीआर २०३२ असते. ती संपली की मशीन आपली डिस्क कुठली तेही विसरू शकते आणि तारीख कित्येक वर्षे मागे जाते. घरी हसायची गोष्ट आहे, पण बँकेत तारीख म्हणजे व्याज! म्हणून दिवस सुरू करताना तारीख डोळ्यांनी तपासून मगच पुढे जायचे.

तिसरी गोष्ट २६ एप्रिल १९९९ ची. वार सोमवार, कामाचा दिवस. तैवानमधल्या एका विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच नावाचा व्हायरस त्या दिवशी जगभर एकदम जागा झाला. तारीख चेर्नोबिलच्या अणुअपघाताची, म्हणून त्याला चेर्नोबिल व्हायरसही म्हणतात. विंडोज ९५ आणि ९८ च्या मशीनवर तो डिस्कची सुरुवात पुसायचा, आणि काही मदरबोर्डवर तर बायॉसच खोडून टाकायचा. मग लाईट लागणार, पंखा फिरणार, पण हजेरी घेणाराच मेलेला. चिप बदलल्याशिवाय किंवा नव्याने लिहिल्याशिवाय इलाज नाही. युनिक्स आणि डॉसवर चालणाऱ्या मशीनना त्याने काही केले नाही.

पुढे वाय टू केची धांदल आली. त्यातच केंद्रीय दक्षता आयोगाने १ जानेवारी २००१ पर्यंत बँकांचा ७० टक्के व्यवसाय कॉम्प्युटरवर आणायला सांगितले होते. मशीन भराभर आल्या. पण आपल्याकडचे व्होल्टेज, एप्रिल-मेचा उन्हाळा आणि धूळ यांचा विचार कोणी कारखान्यात बसून केलेला नव्हता. शिवाय त्याच सुमारास जगभर खराब कपॅसिटरची लाट आली. मदरबोर्डवरचे ते छोटे डबे वरून फुगायचे, कधी फुटून तपकिरी रस यायचा, आणि मशीन अर्ध्यात अडकायची.

अशाच एका सकाळी काउंटरवर एका शेतकरी बाबांनी विचारलेले वाक्य माझ्या कायमचे लक्षात राहिले. "साहेब, मशीन बंद हाये त माजे पैसे बी बंद झाले का जी?"

मंडळी, साऱ्या बँक कॉम्प्युटरीकरणाचा कळीचा प्रश्न हाच होता. आणि याचे उत्तर "नाही" असेच द्यायला बँका हळूहळू शिकल्या. रोज संध्याकाळी दिवसाचा हिशेब बंद झाला की बॅकअप घ्यायचा आणि त्याची एक प्रत शाखेच्या बाहेर ठेवायची. खात्यांच्या शिलकांचा छापील कागद काढून ठेवायचा, म्हणजे सकाळी मशीन उठली नाही तरी त्या कागदावरून थोडेफार पैसे देता येतील. २००० नंतरच्या दशकात कोअर बँकिंग आले आणि खाती शाखेच्या डब्यातून निघून डेटा सेंटरमध्ये गेली. शाखेतला कॉम्प्युटर आता नुसती खिडकी. खिडकी अडली तर दुसरी उघडायची.

तरी हा आजार संपलेला नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळ्या स्क्रीनवर अडकले. वीज होती, पंखे फिरत होते, पण कॉम्प्युटर उठत नव्हते. आपल्याकडे काही विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. बँकांचे मात्र फारसे अडले नाही. रिझर्व्ह बँकेने सांगितले की फक्त १० बँका आणि वित्तीय कंपन्यांत किरकोळ अडचण आली. उपाय तोच जुना, बऱ्याच ठिकाणी माणसाने एकेका मशीनपाशी बसून सेफ मोडमध्ये जायचे आणि ती एक फाईल काढायची.

आता घरच्या डब्याकडे येऊ. पायरी चुकवू नका.

पहिले, मशीन अडली की नुसती स्क्रीन, ते पाहा. कीबोर्डवरचे नम लॉक दाबा. त्याचा दिवा लागत-विझत असेल तर मशीन बहुधा जिवंत आहे, मॉनिटर आणि त्याची केबल तपासा. दुसरे, लावलेले पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, सगळे काढा. खाचेतल्या फ्लॉपीचा हा नवा अवतार आहे. तिसरे, प्लग काढून, बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, मग झाकण उघडा. हात आधी उघड्या धातूला लावा. मेमरीची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा आणि खटका बसेपर्यंत परत दाबा. पट्ट्या दोन असतील तर एकेक लावून पाहा. पीप-पीप असा वारंवार आवाज येत असेल तर बऱ्याचदा दोष इथेच निघतो. चौथे, तारीख चुकीची दिसते का? नाण्याची बॅटरी बदला. पाचवे, कपॅसिटर फुगलेत का पाहा. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही त्यात जीवघेणा करंट राहू शकतो. सहावे, सेटअपमध्ये डिस्कचे नाव दिसते का? दिसत नसेल तर तिच्या दोन्ही केबल काढून घट्ट बसवा. डिस्कमधून टिक-टिक आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचे. दुकानदार म्हणेल, "फॉरमॅट मारून देतो, एका तासात चालू." तो खोटे बोलत नाही. मशीन खरेच चालू होईल. पण आपल्याला मशीन हवी आहे की आतले खाते? फॉरमॅटच्या आधी डिस्क बाहेर काढून, यूएसबीच्या केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून सगळे उतरवून घ्यायला सांगा. मदरबोर्ड मेला, एसएमपीएस जळला, तरी डिस्कवरची माहिती बहुतेक वेळा शाबूत असते. नव्या मशीनवर डिस्क कुलूपबंद असू शकते, तिची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

हे मी एवढे लावून धरतो त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा-नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपले बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. आपल्या सोयऱ्यांत अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कागदही तसेच, इकडचा खसरा, तिकडचा सातबारा. २००५-१० च्या सुमारास पुष्कळ घरांत कोणीतरी हौसेने हे सगळे स्कॅन करून त्याच डेस्कटॉपवर ठेवले. आजोबांचा एकुलता एक फोटो, वंशावळ, आईच्या आवाजातली ओवी. मूळ कागद नंतर वाळवीने खाल्ले असतील. म्हणजे आता ते खाते एकाच मशीनवर आहे, आणि त्याची छापील शिलक कुणाकडेच नाही.

बँकेने पंधरा-वीस वर्षांत जे शिकून घेतले ते आपल्या घरांनी अजून केलेले नाही. म्हणून विनंती एवढीच, येत्या रविवारी त्या डब्यावरची चादर काढा. उठला तर दोन ठिकाणी प्रत करा, एक आपल्याकडे, एक दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे. नाही उठला तर डिस्क तेवढी काढून कपाटात नीट ठेवा, तिच्यावर नाव आणि तारीख घाला, मग डबा खुशाल भंगारात द्या.

कोणाच्या डिस्कमधून लांजीचे जुने फोटो निघाले तर इथे जरूर टाका. किल्ल्याचे, यात्रेचे, शाळेचे, काहीही चालेल.