परळची शस्त्रक्रिया नव्हे, रक्ताची नवी पेरणी : कचारगडपर्यंत येणारा एक इतिहास

१/ गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा तालुक्यात, दरेकसाजवळ कचारगडची विशाल गुहा आहे. गोंडी परंपरेनुसार येथे कोंडलेल्या कली कंकालीच्या ३३ लेकरांची पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सुटका केली. माघ पौर्णिमेला येथे मोठी यात्रा भरते.

२/ याच पूर्व विदर्भातील अनेक लेकरांना सिकलसेलने ग्रासले आहे. या आनुवंशिक आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना देतात. रक्त तयार होते अस्थिमज्जेत. मग मज्जाच बदलता आली तर?

३/ या प्रश्नाचे उत्तर कर्करोगाच्या उपचारातून मिळाले. अमेरिकेत डॉ. ई. डोनल थॉमस यांनी मज्जारोपणाचा पाया घातला. १९९० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिएटलमध्ये हे तंत्र शिकून डॉ. सुरेश अडवाणी मुंबईस परतले. बालपणीच्या पोलिओमुळे ते चाकांच्या खुर्चीवरूनच रुग्ण तपासत.

४/ २० मार्च १९८३. परळचे टाटा स्मारक रुग्णालय. रक्ताचा कर्करोग झालेली ९ वर्षांची मुलगी. दाता तिचा भाऊ. भारतातील हे पहिले यशस्वी मज्जारोपण.

५/ यात मोठी चिरफाड नसते. औषधांनी वा किरणोत्साराने रुग्णाची मज्जा नष्ट करतात. दात्याच्या कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा शिरेवाटे देतात. तिच्यातील मूळपेशी हाडांत रुजतात आणि नवे रक्त घडवतात.

६/ त्याच सुमारास अमेरिकेतील मेम्फिस येथे ८ वर्षांच्या एका मुलीवर रक्ताच्या कर्करोगासाठी मज्जारोपण झाले. तिला सिकलसेलही होता. कर्करोगासोबत तोही बरा झाला! १९८४ मध्ये ही नोंद प्रसिद्ध झाली.

७/ मग हा उपचार दुर्मीळ का? सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक. जंतुसंसर्गाचा धोका मोठा, खर्च अफाट आणि घरापासून दूर महिनोन्‌महिने मुक्काम. हातावर पोट असलेल्या कुटुंबास हे कसे पेलावे?

८/ १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. तिचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे.

९/ उपचार सिद्ध होणे आणि तो डोंगरापलीकडच्या गावी पोहोचणे, या इतिहासातील दोन स्वतंत्र घटना असतात. पहिलीची तारीख आपल्याला ठाऊक आहे. दुसरीची तारीख अजून लिहायची आहे.