फेरूल, विद्युत् केबलीचे
विद्युत् केबलीतील बहुतंतू संवाहकाचे टोक अग्रात म्हणजे टर्मिनलात बसविण्यापूर्वी त्यावर चढवून दाबलेली धातूची आखूड नळी. लॅटिन भाषेतील लहान कंकण या अर्थाच्या शब्दापासून ही संज्ञा आली असून काठीच्या किंवा छत्रीच्या टोकावरील धातूच्या टोपणासही ती लावतात. केबलीचे फेरूल सामान्यतः कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याचे असते.

लवचिकतेसाठी संवाहक अनेक बारीक तारांचा करतात. असे उघडे टोक स्क्रूखाली दाबल्यास तारा फाकतात, काही तुटतात आणि एखादी बाहेर राहून शेजारच्या अग्राला टेकते. तारा पिळून त्यांवर डाख चढविणे हा यावरील जुना उपाय होय. त्यामुळे टोक एकसंध दिसे. तथापि कथिल व शिसे यांची मिश्रधातू सततच्या दाबाखाली हळूहळू पसरते. परिणामी स्क्रूची पकड सैल होते, जोडाचा रोध वाढतो व जोड तापतो. शिवाय डाख जेथे संपतो तेथे कंपनाने तारा तुटतात. कारागिराच्या दृष्टीने नीटनेटके असलेले हे काम अशा रीतीने कालांतराने धोक्याचे ठरे.

डाखाविना दाबून जोड करण्याच्या पद्धतीस दुसऱ्या महायुद्धात चालना मिळाली. अमेरिकेत यू. ए. व्हिटकर यांनी १९४१ मध्ये स्थापन केलेली व पुढे ‘ॲम्प’ या नावाने प्रसिद्ध झालेली कंपनी विमाने व जहाजे यांसाठी असे जोड तयार करी. फेरूल हा याच तत्त्वाचा साधा प्रकार आहे. त्याची मापे डीआयएन ४६२२८ या जर्मन मानकात दिलेली आहेत. गळपट्टीच्या रंगांबाबत मात्र एकवाक्यता नाही : जर्मन पद्धतीतील निळा रंग २·५ चौ. मिमी. छेदाचा, तर फ्रेंच पद्धतीतील निळा ०·७५ चौ. मिमी. छेदाचा निदर्शक आहे.

फेरूल अग्रात पूर्ण शिरले नाही, तर त्याचा उपयोग होत नाही. २६ मार्च २०२४ रोजी अमेरिकेतील बॉल्टिमोर येथे ‘डाली’ या मालवाहू जहाजाची वीज गेली. ती परत येताच अन्य कारणाने पुन्हा गेली. अनियंत्रित जहाज पुलाच्या खांबावर आदळून पूल कोसळला व त्यावर काम करणारे सहा कामगार मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने नोव्हेंबर २०२५ मध्ये पहिल्या खंडाचे कारण दिले. एका तारेवरील ओळखपट्टी चुकीच्या जागी बसविल्यामुळे तारेचे टोक स्प्रिंगच्या अग्रात पूर्ण गेले नव्हते व जोड सैल राहिला होता. अवरक्त प्रतिमांच्या साहाय्याने नियमित तपासणी झाली असती, तर असा सैल जोड आधीच आढळू शकला असता, असेही मंडळाने म्हटले आहे.