हत्यार कोणाच्या हातीं? करवीरनगरींतील उमेदवारीचा इतिहास

"उमेदवार" ह्या शब्दास हल्लीं निवडणुकीचाच वास येतो. परंतु आमच्या वाडवडिलांच्या बोलण्यांत उमेदवार म्हणजे जो मुलगा एखाद्या मेस्त्रीच्या हाताखालीं, बहुधा पगारावांचून, काम शिकावयास राहिला आहे तो. उमेद, म्हणजे आशा, हेंच त्याचें वेतन. ही उमेद करवीरनगरींत कोणास बाळगतां येत होती, कोणास येत नव्हती, आणि तो भेद कसा थोडाथोडा ढळला, तें ह्या लेखांत सांगावयाचें आहे. ज्युबिलीच्या पुस्तकांत देवळाचा इतिहास असावा हें योग्यच. पण त्या देवळाचीं दारें व बाकें कोणा तरी कारागिराच्या रंध्याखालून गेलेलीं असतात, हेंहि वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

जुन्या गांवगाड्यांत कारागिरीची शाळा नव्हती व तिची गरजहि कोणास वाटत नव्हती. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. काम ठरलेलें, बलुतें ठरलेलें. ह्या व्यवस्थेची स्तुति करणारे म्हणतात कीं, तींत कोणी बेकार राहत नसे. खरें आहे, पण कोणी मोकळाहि राहत नसे. कोल्हापुरी वाहणेचेंच उदाहरण घ्या. बाभळीची साल व हिरडा वापरून कातडें कमवावयाचें तें ढोर समाजानें. तळ कापावयाचा, शिवावयाचा तो चांभारानें. आणि पट्ट्यावरची नाजुक वेणी विणावयाची ती बहुधा घरांतील बायकांनीं. एवढें बारीक कसब मूल आईबापांजवळ बसून उचलीत असे. तथापि त्यास कोणी उमेदवार म्हटलें नाहीं, कारण दुसरें कांहीं होण्याची उमेदच त्यास नव्हती. त्यानें केलेली वाहण वाड्याच्या ओसरीपर्यंत जाई. तो स्वतः अंगणाबाहेर उभा राही.

१८९४ सालीं शाहू छत्रपतींनीं राज्यकारभार हातीं घेतला. २६ जुलै १९०२ रोजीं त्यांनीं रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेविल्या, १९०६ सालीं कापडाच्या गिरणीचा पाया घातला, १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं मिस क्लार्क बोर्डिंग निघालें, १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें. ह्या गोष्टी वाचकांस ठाऊक आहेतच. परंतु कारागिरीच्या इतिहासांत आम्हांस १९१८ साल ह्या सर्वांहून मोठें वाटतें. त्या सालीं बलुत्याचें बंधन तुटलें व महार वतनें खालसा झालीं. ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का होता त्यांची रोजची हजेरीहि त्याच सालीं माफ झाली. ज्याला रोज चावडीवर हजर रहावें लागतें, तो परगांवच्या मेस्त्रीकडे शिकावयास जाणार कसा? शाळा काढण्यापूर्वी पायांतील बेडी काढावी लागते, हें त्या राजानें ओळखलें होतें.

गंगाराम कांबळे ह्यांची हकीकत येथें सांगितलीच पाहिजे. ते राजवाड्याच्या पागेंत नोकर होते. मराठ्यांसाठीं राखलेल्या हौदास शिवले म्हणून त्यांस इतर नोकरांनीं बेदम मारलें. महाराजांनीं मारणारांस शिक्षा केली. पण तेवढ्यावर न थांबतां गंगारामांस भांडवल देऊन स्वतंत्र धंदा करावयास सांगितलें. भाऊसिंगजी रस्त्यावर त्यांनीं 'सत्यसुधारक हॉटेल' उघडलें. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण घेणार? तेव्हां महाराज स्वतः तेथें गाडी थांबवून चहा मागवूं लागले व बरोबरच्या मंडळींसहि पाजूं लागले. धंदा चालण्यास कसब लागतें, भांडवल लागतें, आणि गिऱ्हाईकहि लागतें. ह्यांपैकीं तिसरी गोष्ट कोणत्याहि शाळेंत शिकवितां येत नाहीं. ६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले. त्यांच्यामागें ती गाडी थांबविणारा कोण होता?

त्याच नगरींत दुसरीकडे, कोणाच्याहि हुकुमावांचून, एक निराळीच कार्यशाळा उभी राहत होती. बाबूराव मेस्त्री, ज्यांस जग बाबूराव पेंटर म्हणून ओळखतें, त्यांचा जन्म १८९० चा. लाकूड, लोखंड, रंग हीं घरचींच. चुलतबंधु आनंदराव ह्यांच्यासह ते नाटकांचे पडदे रंगवीत. दोघांस चित्रपटाचा नाद लागला. १९१६ सालीं आनंदराव वारले, तरी बाबूरावांनीं चित्रण करण्याचा कॅमेरा आपल्या हातानें तयार केला. त्या कामीं विष्णुपंत दामले त्यांचे मदतनीस होते. पुढें महाराष्ट्र फिल्म कंपनी निघाली व १९२० सालीं 'सैरंध्री' पडद्यावर आला. ह्या कंपनींत शिकण्यासाठीं परीक्षेचें प्रमाणपत्र लागत नव्हतें. दामले ब्राह्मण, साहेबमामा फत्तेलाल मुसलमान. दोघेहि एकाच उस्तादाचे शागीर्द. हुबळीच्या रेल्वे कारखान्यांत काम केलेला, शाळा अर्धवट सोडलेला एक पोरगाहि तेथें पडेल तें काम करीत राहिला. त्याचें नांव शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढले व्ही. शांताराम. १९२९ सालीं ह्याच मंडळींनीं कोल्हापुरांत प्रभात कंपनी काढली, आणि दामले-फत्तेलाल ह्यांचा 'संत तुकाराम' १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला. एका सुताराच्या कारखान्यांतून एवढें निघालें!

राजाची कृपा आणि उस्तादाची मर्जी, दोन्हीहि थोर. पण मर्जीवर गरीब मुलाचें आयुष्य किती दिवस टांगून ठेवावें? हाच प्रश्न इटलींतील ट्यूरिन शहरीं संत जॉन बॉस्को ह्यांस पडला होता. खेड्यांतून आलेलीं पोरें मेस्त्री लोक घरकामास जुंपीत व काम शिकवीत नसत. म्हणून त्यांनीं मुलगा व मालक ह्यांच्यामध्यें मुद्रांकित कागदावर करार करविण्यास आरंभ केला. १८५२ च्या एका करारांत सुतारकाम दोन वर्षांत शिकवावें, मुलास धंद्याबाहेरचें काम सांगूं नये, मजुरी वाढवीत न्यावी, रविवार मोकळा ठेवावा, वर्षांतून पंधरवडाभर सुटी द्यावी अशीं कलमें आहेत. १८५३ सालीं त्यांनीं आपल्याच घरीं चांभारकाम व शिवणकाम ह्यांचे कारखाने उघडले. जो धंदा आमच्याकडे जन्माची शिक्षा समजला जाई, तोच तेथें अनाथ पोरास मिळालेली संधि झाला, ह्याचा विचार वाचकांनीं अवश्य करावा. नाझरेथचा सुतार संत योसेफ ह्यांचा श्रमिक म्हणून सण पोप बारावे पायस ह्यांनीं १९५५ सालीं १ मे ह्या दिवशीं नेमून दिला. पण बॉस्कोंच्या कागदानें तें काम शंभर वर्षें आधींच आरंभिलें होतें असें आम्हांस वाटतें.

आमच्या देशांत तो कागद १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानें आला. विद्यावेतन ठरलें, मुदत ठरली. आज कळंब्याच्या सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत कोणत्याहि जातीचा मुलगा वा मुलगी यंत्रावर हात ठेवूं शकते, ही लहान गोष्ट नव्हे.

वाहणेचें मात्र अजून अर्धेंच झालें आहे. २०१९ सालीं कोल्हापुरी चपलेस भौगोलिक निर्देशांकाची मान्यता मिळाली. २०२५ सालीं मिलान येथें प्राडा ह्या कंपनीनें तसल्याच वाहणा मांडल्या तेव्हां कोल्हापूरचें नांवहि आरंभीं घेतलें नव्हतें. ओरड झाल्यावर मग घेतलें. सप्टेंबर २०२३ मध्यें निघालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेंत चर्मकारांसह अठरा धंदे धरले असून, पांच ते सात दिवसांचें प्राथमिक शिक्षण, त्या काळांत रोज ५०० रुपये आणि हत्यारांसाठीं १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य ठरलें आहे. पैका उपयोगीच पडेल. परंतु नोंदणी एका कुटुंबांतील एकाच व्यक्तीची होते. तळ कापणारा नवरा आणि वेणी विणणारी बायको, दोघेंहि एकाच उंबऱ्यावर बसलेलीं असतात. नोंदवहींत नांव कोणाचें लागावें, हें त्या घरांत विचारून ठरतें कीं न विचारतांच, तें ज्यानें त्यानें शेजारीं जाऊन पहावें.